भाऊजींच्या नावाची मिस्सा

ताई, तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण चारही तुमच्या कपाटावरच्या त्या एका अस्थींच्या मडक्यातून निघालेत.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही नागपुरातल्या इंदोऱ्याच्या बौद्ध घरातल्या, सासर कॅथलिक. तुमचे भासरे, म्हणजे यजमानांचे मोठे भाऊ, तुमचे भाऊजी, आठ महिन्यांपूर्वी गेले. दारू होती, नोकरी सुटली होती, आणि शेवटी त्यांनी स्वतःचा जीव घेतला. दहन झालं. त्याच दिवशी नात्यातल्या एकाने सासूबाईंच्या तोंडावर सांगून टाकलं, की असा गेलेला माणूस सरळ नरकात जातो. तेव्हापासून सासूबाई दर महिन्याला त्यांच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमध्ये फादर करतात तो उपासनाविधी, सांगतात. तुमचे बाबा म्हणतात, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान सोडायला लावलं ते याचसाठी. आत्माच नाही तर मिस्सा कोणाची? शेजारच्या काकू म्हणतात, आत्मा घरात अडकलाय, अस्थी कन्हान नदीत सोडा आणि मोकळे व्हा. आणि तुमचा स्वतःचा प्रश्न असा, की देवाला सगळं आधीच ठाऊक असतं तर भाऊजींचा दोष काय? शेवटी एका ओळीत, जणू जाता जाता, तुम्ही हेही विचारलंय की मी बाप्तिस्मा घेतलेली नाही, मग माझं काय.

मी धर्मगुरू नाही. शाळेत शिकवलं, आणि ३२ वर्षं रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. लग्न ठरलेल्या जोडप्यांशी बोलते, त्यांत तुमच्यासारखी दोन धर्मांची जोडपी बरीच असतात. मयताच्या घरी प्रार्थनेला जाते आणि आठवड्यातून एकदा फादरांबरोबर दवाखान्यात. तेवढ्या अनुभवावर लिहिते आहे.

नरकाचं आधी घेऊ, कारण बाकी सगळं ऐकायची ताकद त्यानंतरच येईल. त्या नातेवाइकाने जे सांगितलं ते कॅथलिक शिकवण नाही. चर्चने दोन हजार वर्षांत हजारो लोकांना संत म्हणून जाहीर केलं, म्हणजे ही माणसं स्वर्गात आहेत असं ठामपणे सांगितलं. अमुक माणूस नरकात आहे असं मात्र एकाही नावाबद्दल कधी जाहीर केलेलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही. तशी पद्धतच चर्चमध्ये नाही. मग जे काम पोपने कधी केलं नाही, ते तुमच्या मांडवातल्या एका काकांनी पाच मिनिटांत केलं.

पण ते काका हवेतून बोलले नाहीत, हेही खरं. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात, जाणूनबुजून जीव दिलेल्या माणसाला चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता. आमच्या आजी-आजोबांची पिढी त्यावर वाढली. कोणाला दफनभूमीच्या कुंपणालगत पुरलं, कोणाला बाहेर, याच्या गोष्टी आम्ही लहानपणी दबक्या आवाजात ऐकल्या आहेत. १९८३ च्या नव्या कायद्यात ते कलम उरलं नाही. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, स्वच्छ लिहिलं आहे की गंभीर मानसिक आजार, वेदना किंवा तीव्र भीती यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते. आणि त्यांच्या तारणाची आशा सोडू नये, देव फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या वाटांनी त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. चर्च अशांसाठी प्रार्थना करते, असंही त्याच ठिकाणी आहे.

आमच्याकडे ज्याला प्राणघातक पाप म्हणतात, ते घडायला तीन गोष्टी एकत्र लागतात. गोष्ट मुळात गंभीर हवी, ती गंभीर आहे हे नीट कळलेलं हवं, आणि पूर्ण मनाने, मोकळ्या इच्छेने ती केलेली हवी. पहिली बाहेरून दिसते. दुसरी-तिसरी फक्त त्या माणसाला आणि देवाला ठाऊक. भाऊजींची शेवटची वर्षं तुम्ही पत्रात लिहिलीत: दिवसा पडदे लावून बसणं, रात्री अंगणात येरझारा, आईशी बोलताना मध्येच थांबणं. त्या रात्री त्यांची इच्छा किती मोकळी होती, हे ठरवायचा अधिकार कोणाकडेही नाही, माझ्याकडे तर नाहीच.

मी हे आज इतकं ठामपणे लिहिते, कारण एकदा मी चुकलेली आहे. फार जुनी गोष्ट. माझ्या वर्गातला मुलगा असाच गेला. त्याच्या आईने मला चर्चच्या पायरीवर धरून विचारलं, बाई, माझा मुलगा कुठं आहे? नवा कायदा येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, मला तो ठाऊकही होता, पण तोंडून निघालं, "फादरांना विचारा," आणि मी चप्पल शोधायला लागले. तिला उत्तर मिळालं. माझ्या त्या गप्प राहण्यातून मिळालं. ती पुन्हा कधी त्या पायरीवर दिसली नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी तुम्हाला गोड बोलून फसवलं असं होईल. नरक नाहीच, सगळे आपोआप स्वर्गात, असंही चर्च म्हणत नाही. नरक खरा आहे, पण तो देवाने खणलेला खड्डा नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ च्या जुलैमध्ये हे फार सोप्या शब्दांत समजावलं होतं: नरक म्हणजे जागेपेक्षा अवस्था, देवापासून स्वतःला जाणूनबुजून आणि कायमचं तोडून घेतलेल्या माणसाची. प्रेम जबरदस्तीने करवून घेता येत नाही. "नको" म्हणायची मुभाच नसेल तर "हो"ला किंमत राहत नाही. नरकाची शक्यता आणि माणसाची स्वतंत्र इच्छा ही एकाच कापडाची दोन टोकं आहेत.

त्यातूनच तुमचा प्रश्न येतो. देवाला सगळं आधीच ठाऊक, मग स्वतंत्र इच्छा कसली?

तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनसचा दाखला मी वर्गात नागपुरी करून देते. फुटाळ्याच्या रस्त्याने चालणाऱ्याला मागून कोण येतंय ते दिसत नाही. वर टेकडीवर उभ्या असलेल्याला अख्खा रस्ता एकदम दिसतो. त्याला दिसतं म्हणून कोणी पडत नाही. देवाचं "आधी माहीत असणं" ज्योतिषासारखं नाही, की पत्रिका मांडली आणि पुढचं सांगितलं. त्याला काल, आज, उद्या अशी रांगच नाही. भाऊजींची ती रात्र त्याने आधी लिहून ठेवलेली नव्हती. ती त्याच्यासमोर होती, आजही आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, मिस्सेच्या वेळी कामाला येईल.

हे पटलं तरी प्रश्न अर्धाच सुटतो, कारण देव नुसता टेकडीवर उभा राहून बघत नाही. तो कृपा देतो, आतून हलवतो. मग चांगलं काम माणसाचं की देवाचं? आणि एखाद्याला कृपा पुरली नाही तर दोष कोणाचा? यावर कॅथलिक पंडितांमध्येच तुफान भांडण झालं. स्पेनमधल्या येशूसंघी मोलिना यांनी १५८८ मध्ये आपला सिद्धान्त मांडला, डॉमिनिकन संघाचे बान्येझ त्यावर तुटून पडले, आणि १५९७ पासून १६०७ पर्यंत रोममध्ये बैठकांवर बैठका झाल्या. एका पक्षाला वाटे, तुम्ही माणसाच्या इच्छेला एवढं मोठं करता की देव लहान होतो. दुसऱ्याला वाटे, तुम्ही देवाची कृपा अशी मांडता की माणूस कळसूत्री बाहुली होतो. शेवटी पोप पाचवे पॉल यांनी निकाल काय दिला? निकाल दिलाच नाही. दोघांनी आपापलं शिकवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये, योग्य वेळी रोम सांगेल. ४०० वर्षं उलटली, ती योग्य वेळ आलेली नाही. मला हा चर्चच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. गणित सुटत नाही म्हणून उत्तराची दोन्ही टोकं सोडून द्यायची नसतात.

तो निकाल न देण्याचा सल्ला पोपना ज्यांनी दिला, त्यांत एक नाव आपल्या गावात रोज घेतलं जातं. एस.एफ.एस. शाळा, एस.एफ.एस. कॉलेज, मोहननगरचं एस.एफ.एस. कॅथेड्रल. हे एस.एफ.एस. म्हणजे संत फ्रान्सिस द सेल्स. त्यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी इथे आले, आणि १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, म्हणून हे नाव आपल्याकडे रुजलं. नागपूरकर रिक्षावाल्याला "एस.एफ.एस." म्हणून पत्ता सांगतात, पण त्या माणसाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

१५८६ च्या शेवटाला हा मुलगा पॅरिसमध्ये शिकत होता, वय १९. तिथे तेव्हा वाद एकच: देवाने काहींना आधीच तारणासाठी निवडलंय आणि बाकीच्यांना सोडलंय का. या मुलाच्या डोक्यात बसलं, की मी सोडलेल्यांतला आहे. नरक माझ्या नावावर आधीच लिहिलेला आहे. जवळजवळ सहा आठवडे त्याला अन्न जाईना, झोप येईना. मग एक दिवस तो सेंट-एतिएन-दे-ग्रे नावाच्या चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने देवाला जे सांगितलं त्याचा मतलब असा, की पुढच्या जगात मला तुझ्यावर प्रेम करता येणार नसेल तर निदान या जगात तरी करू दे. तो उठला तेव्हा अंगावरची कात गळून पडावी तशी ती भीती गळली होती, असं पुढे तो सांगे. मोठेपणी हाच माणूस बिशप झाला, आणि देव कोणालाही आधीच टाकून देत नाही हे जन्मभर सांगत राहिला. तुमच्या सासूबाई ज्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा सांगतात, ते नाव अशा माणसाचं आहे ज्याला वाटलं होतं की आपण नरकात जाणार. त्यांना हे सांगा. त्या काकांनाही सांगा.

इच्छा स्वतंत्र आहे, पण धडधाकट नाही. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने म्हटलं, की आदिपापाने, म्हणजे आदम-हव्वेपासून आलेल्या पापाने, माणसाची इच्छा दुबळी झाली, वाकली, पण विझली नाही. दारू सोडवायच्या वॉर्डात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक गृहस्थ बशीत चहा ओतत होते, हात एवढा थरथरत होता की चहा चादरीवर सांडला. मला म्हणाले, "पह्यला घोट मी घेतो बाई. दुसऱ्यापासून मी नसतोच जी." कॅटेकिझममध्ये हेच कोरड्या भाषेत आहे: अज्ञान, बेसावधपणा, जबरदस्ती, भीती, सवय, अनावर ओढ यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, कधी अजिबात उरत नाही. आजार म्हणून सगळं माफ आणि वाईट माणूस म्हणून सगळं त्याच्या माथी, या दोन टोकांच्या मध्ये ती थरथरणारी बशी आहे. पहिला घोट त्यांचा होता, हे ते गृहस्थ स्वतः नाकारत नव्हते.

आता आत्मा. इथे आपली मराठीच आपल्याला चकवते. "आत्मा" म्हटलं की जुनं वस्त्र टाकून नवं घालणारा गीतेतला आत्मा डोळ्यांपुढे येतो, नाहीतर काकूंचा, पंख्याखाली अडकलेला. भाषा उसनी घेतली की तिच्याबरोबर पाहुणेही घरात येतात. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली तेव्हा स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलं. लोकांना कळेल असा दुसरा शब्द होता कुठे? पण कॅथलिक शिकवण या कपड्याच्या उपमेत बसत नाही. १३१२ ला व्हिएन्नच्या धर्मपरिषदेने सांगितलं, की आत्मा हे शरीराचं रूप आहे. रूप म्हणजे बाहेरचा आकार नव्हे. ज्याच्यामुळे हे मांस-हाड जिवंत आणि माणसाचं होतं ते. शरीर म्हणजे आत कोणी वेगळा राहतो असा डबा नाही. अक्वायनस तर बायबलमधल्या पौलाच्या पत्रावर लिहिताना सरळ म्हणतात, माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. आत्मा वाचला पण शरीर कायमचं गेलं, तर मी पूर्ण वाचलो नाही.

म्हणून तुमच्या बाबांचं आणि आमचं जेवढं वाकडं आहे असं त्यांना वाटतं, तेवढं नाही. देहात बसलेला, एका घरातून दुसऱ्या घरात जाणारा, न बदलणारा छोटा माणूस त्यांनाही मान्य नाही आणि कॅथलिक शिकवणीलाही नाही. पुनर्जन्म दोन्हींकडे सारख्या अर्थाने नाही म्हणा, पण आमच्याकडे तो अजिबातच नाही: माणसाला एकदाच मरायचं असतं, हे बायबलमधल्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रातलं वाक्य कॅटेकिझम तसंच देतो. फरक पुढे आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. चर्च म्हणते की प्रत्येक माणसाचा आत्मा देवच थेट निर्माण करतो, आईबापांकडून तो येत नाही, आणि मरणाने तो संपत नाही. शरीर उत्क्रांतीतून आलं असं मानायला १९५० पासून उघड मुभा आहे; आत्म्याच्या बाबतीत तशी मुभा नाही. विचार करणारं, "हो" किंवा "नको" म्हणणारं जे काही माणसात आहे ते सगळं मेंदूच्या मांसात मावत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. तुमच्या बाबांना तो पटणार नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. घालायचाच तर जेवण झाल्यावर घाला.

काकूंना मात्र स्पष्ट सांगा, भाऊजी घरात अडकलेले नाहीत. मरणानंतर माणूस लगेच देवापुढे उभा राहतो. यावरही एक गंमत आहे. १३३१ च्या सुमाराला पोप बावीसावे जॉन प्रवचनांत सांगायला लागले, की पुण्यवान आत्म्यांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं दर्शन होत नाही. पंडितांनी पोपलाच धारेवर धरलं, आणि १३३४ मध्ये मरणशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं. त्यांच्या नंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ ला कायमचं ठरवून टाकलं: ज्यांना शुद्ध व्हायचं काही उरलेलं नाही त्यांना लगेच दर्शन, ज्यांचं उरलंय त्यांना ते झाल्यावर. मध्ये भटकंती नाही, दहावं-तेरावं नाही.

हे "ज्यांचं उरलंय" म्हणजे शुद्धिस्थान, घरात सगळे ज्याला पर्गेटरी म्हणतात ते. देवाच्या मैत्रीत मेलेला, पण अजून पुरता सरळ न झालेला माणूस तिथे सरळ होतो. तिथून परत नरकात कोणी जात नाही. ती स्वर्गाचीच ओसरी आहे. सासूबाईंकडे जुनं प्रार्थनापुस्तक असेल तर त्यात काही प्रार्थनांखाली "३०० दिवस" असं छापलेलं दिसेल. आमच्या आईला वाटायचं, ही प्रार्थना म्हटली की वडिलांचे पर्गेटरीतले ३०० दिवस कमी. तसं ते नव्हतं. जुन्या काळी इथे पृथ्वीवर जे प्रायश्चित्ताचे दिवस देत, त्या मापाने ती मोजणी होती, आणि १९६७ ला पोप सहावे पॉल यांनी ती मोजणीच काढून टाकली. २००७ मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी एक विचार मांडला तो मला फार आवडतो: जाळणारा आणि त्याच वेळी वाचवणारा तो अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्त, त्याच्याशी होणारी भेट. ज्याच्यापासून आपण जन्मभर तोंड चुकवलं त्याच्या नजरेला नजर देणं. दुखणारच ते.

मग मिस्सा हे श्राद्धच नाही का, असं तुमचे बाबा विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याची चिंता त्यांच्या आधी खुद्द चर्चला होती. डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थान आहे आणि जिवंतांच्या प्रार्थनेने, विशेषतः मिस्सेने, तिथल्यांना मदत होते, एवढं सांगितलं. आणि त्याच कागदावर बिशपांना ताकीद दिली की याच्या नावावर अंधश्रद्धा, कुतूहल आणि पैशाचा हावरटपणा चालू देऊ नका. त्या परिषदेची शेवटची अधिवेशनं रोममधून पोपचे सचिव म्हणून ज्यांनी हाताळली ते चार्ल्स बोरोमेओ. त्यांच्याच नावाची सेंट चार्ल्स सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारी शाळा, आपल्याकडे आहे, आणि तिच्यावरून त्या टेकडीला सेमिनरी हिल्स म्हणतात. सकाळी तिथे फिरायला जाणाऱ्या कोणाला हे सांगून बघा.

मिस्सेत मेलेल्याला जेवू घालत नाहीत, त्याला पुढच्या प्रवासाची शिदोरी देत नाहीत, आणि मिस्सा केली नाही म्हणून तो कोपत नाही. येशूने क्रुसावर जे दिलं त्यात भाऊजींचं नाव धरायचं, एवढंच. देणगी ही फी नाही. व्यापाराचा वाससुद्धा नको असं चर्चचा कायदा म्हणतो, आणि गरिबांसाठी फादरांनी देणगी न घेताही मिस्सा करावी असं त्यातच आहे. सासूबाई औषधाचे पैसे वाचवून मिस्सा सांगत असतील तर तसं फादरांच्या कानावर घाला. त्यांनी औषध घेतलं तर भाऊजींचं काही अडणार नाही.

आणि ते टेकडीवरून दिसणाऱ्या रस्त्याचं सांगितलं होतं, ते आता घ्या. लोक म्हणतात, माणूस गेला, निकाल लागला, आता आठ महिन्यांनी प्रार्थना करून काय उपयोग? पण देवाला आठ महिने नसतात. आज सासूबाई जे मागतात ते त्या रात्रीही त्याच्यासमोर होतं. त्या शेवटच्या मिनिटाला भाऊजींना जी कृपा मिळाली असेल तिच्यात आजच्या मिस्सेचा वाटा असू शकतो, असं मी मानते. मयताच्या घरी मी हे सांगते तेव्हा आया बहुतेक काही बोलत नाहीत, पदराने डोळे पुसतात आणि विचारतात, पुढची मिस्सा कधी आहे.

तुमचं स्वतःचं सोपं आहे. १९६४ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं, की स्वतःची चूक नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झालेली नाही, पण जे प्रामाणिकपणे सत्य शोधतात आणि आपल्या विवेकाला धरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. देवाने बाप्तिस्म्याशी तारण बांधलं, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, हे वाक्य कॅटेकिझमचं. घाबरून बाप्तिस्मा घेऊ नका. घ्यावासा वाटला तर आधी वर्षभर येऊन बसा, भांडा, विचारा. नाही वाटला तर भाऊजींसाठी तुम्ही तुमच्या पद्धतीने शांत बसलात तरी ते वाया जात नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पत्रात आहे: यजमान रात्री अंगणात येरझारा घालतात. भाऊ असा गेलेल्या माणसाला एकटं सोडू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा, या आठवड्यात. मिस्सा नंतर.

राहिलं मडकं. चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. त्याआधी बंदी होती, कारण पुनरुत्थान नाकारायला म्हणून युरोपात काही लोक मुद्दाम दहन करत. शरीर माणसाचंच, कपडा नव्हे, हे वर सांगितलं ना, त्यामुळे राखेलाही माणसाचा मान. २०१६ मध्ये रोमने सांगितलं की अस्थी नदीत किंवा हवेत सोडू नयेत, घरी ठेवू नयेत, वाटून घेऊ नयेत; पवित्र जागी ठेवाव्यात. डिसेंबर २०२३ मध्ये थोडी ढील दिली: स्थानिक चर्चच्या संमतीने एखादा छोटा अंश मेलेल्याच्या आयुष्यात महत्त्वाच्या ठिकाणी ठेवता येईल. म्हणजे कन्हान नको आणि कपाटही नको. काकू आणि सासूबाई दोघी अर्ध्या चुकल्या.

पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, ऑफिसात जा, मृत्यूचा दाखला आणि दहनाची पावती बरोबर न्या, आणि सासऱ्यांच्या कबरीतच मडकं पुरता येईल का विचारा. बहुधा येतं, हातभर खोल खड्डा लागतो, फादर येऊन छोटी प्रार्थना करतात, पंधरा मिनिटांचं काम. दगडावर नाव आणि दोन तारखा कोरून घ्या. कसे गेले ते कोणी लिहीत नाही.

हे २ नोव्हेंबरच्या आत झालं तर उत्तम. तो आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा दिवस; त्या दिवशी सगळे दफनभूमीत येतात, आदल्या दिवशी मुलं कबरींवरचं गवत उपटून क्रुसांना चुना लावतात, आणि संध्याकाळी मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ अशा सगळ्या भाषांत एकाच वेळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असते. झेंडूची फुलं सीताबर्डीहून आदल्या दिवशीच आणा. मेणबत्त्या काचेच्या चिमणीत न्या, तेव्हा वारा असतो, उघड्या टिकत नाहीत. आणि एक छोटं स्टूल न्या. सासूबाई कबरीशी गुडघे टेकून बसल्या की त्यांना उठता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.